काय म्हणतेय शरयू?

सावळगावच्या लोकसेवा विद्यालयात नववी 'ब'च्या शेवटच्या बाकावर एक विद्यार्थिनी अशी बसायची, जिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. वय छत्तीस, अंगावर साधी कॉटनची साडी, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि दोन धुतलेले रुमाल. ही सारिका खराडे. तिची मुलगी शरयू पहिलीत गेली त्या दिवशी सारिका तिच्याबरोबर शाळेत शिरली, आणि मग वर्षामागून वर्ष शिरतच राहिली. लग्नाआधी ज्या बीजगणितानं तिला रडवलं होतं, ते आता तिला इतकं पाठ झालं होतं की मुख्याध्यापक हिंगमिरे सरांना मधूनमधून सांगावं लागे, "खराडे ताई, हात खाली घ्या. मी मुलांना विचारतोय."

शरयूच्या जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला काही मिनिटं प्राणवायू कमी पडला होता. डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात असं सांगितलं होतं. बुद्धीला धक्का लागला नव्हता. पण हात, पाय, मान आणि जीभ एका हुकुमात वागत नसत. ती चाकाच्या खुर्चीवर बसे. ती बोले, भरपूर बोले, पण ऐकणाऱ्याला त्यात नुसते लांबलेले स्वर ऐकू येत. ते फक्त सारिकाला कळे. म्हणून शरयूनं तोंड उघडलं की सगळे सारिकाकडे बघून विचारत, "काय म्हणतेय शरयू?"

आणि सारिका सांगे.

आता खरं सांगायचं तर सारिका जे सांगे ते आणि शरयू जे म्हणे ते, यांत थोडा फरक असे. चौथीत असताना एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी शरयूच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बाळ, शाळा आवडते का?" शरयू म्हणाली, "खिचडी आवडते. शाळेचं अजून ठरवलं नाही." सारिकानं साहेबांना सांगितलं, "खूप आवडते म्हणते." साहेबांचे डोळे पाणावले. पुढच्या वर्षी एका पाहुण्यांनी तिला तिळगुळाचा डबा दिला, तेव्हा शरयू म्हणाली, "फोटो काढून झाला असेल तर माझ्या पायावरचा पाय काढा." सारिका म्हणाली, "आभारी आहे म्हणते."

सारिकाला यात काही लबाडी वाटत नसे. चार माणसांत राहायचं, लोकांच्या मदतीवर चालायचं, तर थोडी साखर पेरावीच लागते. तशी साखर पेरता पेरता सगळ्या सावळगावात शरयू म्हणजे देवाचं लेकरू झाली होती. समंजस, सोशिक, कुणाबद्दल वावगा शब्द नाही. बायका आपल्या पोरींना तिचं उदाहरण देत.

मग कंठपट्टी आली.

ती घेऊन आल्या त्या नाझनीन मुजावर. मिरजेच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या, तिशीतल्या, भराभर बोलणाऱ्या आणि त्याहून भराभर चालणाऱ्या बाई. त्यांनी सारिकाला आणि तिच्या नवऱ्याला, अजितला, समोर बसवून चहाच्या कपाशेजारी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं.

"हे बघा सारिकाताई. बोलायचं ठरलं की मेंदूतून जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सुटतो. तो हुकूम म्हणजे एक बारीकशी वीज. शरयूच्या मेंदूतून हुकूम बरोबर सुटतो, पण तो पोचवणारा वाटेत झिंगतो. म्हणून जीभ भलतीकडेच वळते. पण गंमत अशी, की तो झिंगणारा रोज एकाच पद्धतीनं झिंगतो. ही पट्टी गळ्याभोवती आणि जबड्याखाली बसते. तिच्यात केसाएवढ्या तारा आहेत. त्या कातडीवरूनच ती वीज टिपतात. मशीन महिनाभर शरयूची पद्धत शिकतं, आणि मग ओळखतं, की असं थरथरलं म्हणजे तिला 'पाणी' म्हणायचंय, तसं थरथरलं म्हणजे 'पाटी'."

"आणि बोलणार कोण? ते रेल्वे स्टेशनावरच्या बाईसारखं?" अजितनं विचारलं. तो बेदाण्याची वाहतूक करायचा. त्याचा बॅटरीवरचा टेम्पो उलटा जाताना असाच एका बाईच्या आवाजात सूचना देई आणि त्या बाईवर त्याचा राग होता.

"नाही नाही. शरयूचाच आवाज. तिच्या 'आ' आणि 'ऊ'मधून आम्ही तिच्या आवाजाचा सूर आणि पोत घेतो. पण शब्दांचे उच्चार कुणाकडून तरी उसने घ्यावे लागतात. जवळच्या नात्यातली बाई असेल तर उत्तम."

म्हणून सारिका मिरजेला जाऊन बंद खोलीत माइकसमोर बसली आणि 'मांजर भिंतीवरून उडी मारते' छापाची वाक्यं घसा बसेपर्यंत वाचून आली.

पट्टी पहिल्यांदा चालू केली तो दिवस सारिका जन्मात विसरणार नव्हती. खोलीत नाझनीन मॅडम, अजित, संस्थेतली दोन मुलं. सारिकानं पदर डोळ्यांजवळ आधीच नेऊन ठेवला होता. मुलगी पहिला शब्द काय बोलणार, हे तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. दोन अक्षरांचा तर शब्द.

शरयूचे ओठ हलले. पट्टीतून स्वच्छ, कोवळा, थोडासा सारिकासारखाच आवाज आला.

"कुणीतरी तो पंखा बंद करा हो. मगापासून डोळ्यांत वारा जातोय."

सारिका पदर खाली सोडून उठली आणि पंखा बंद करून आली.

पण खरी भानगड वेगळीच होती आणि ती मॅडमनी आधी सांगितलीही होती. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही गळ्यातली ती बारीक वीज थोडी थरथरतेच. लहान मुलं मनात वाचताना ओठ हलवतात ते त्यामुळे. मोठेपणी ओठ हलत नाहीत, थरथर मात्र राहते. मग पट्टीनं कुठली थरथर बोलणं समजायची आणि कुठली नाही? त्यासाठी एक उंबरठा ठरवावा लागे. उंबरठा उंच ठेवला, तर शरयूला प्रत्येक शब्दासाठी अंग ताणून जोर लावावा लागे, निम्मे शब्द अडकत आणि चार वाक्यांत ती घामाघूम होई. उंबरठा खाली आणला, की ती घडाघडा बोले, अगदी कुणाही पोरीसारखी. फक्त मग मनातलं पुटपुटणंही उंबरठा ओलांडून बाहेर येई.

"हा उंबरठा सध्या तुमच्या फोनवरून खालीवर होईल," मॅडम म्हणाल्या. "पण हे शिकवण्यापुरतंच. नंतर त्याचा ताबा शरयूकडे द्यायचा. तिनं जीभ टाळूला दाबून धरली की पट्टी गप्प, सोडली की चालू. तेवढं ती शिकली आहे. तुम्ही फोनवर अंगठा ठेवलात की ताबा तिचा."

"बघू," सारिका म्हणाली. "इतक्यात नको. लहान आहे अजून."

"चौदा वर्षांची आहे मी," पट्टी म्हणाली.

"बघितलंत?" सारिका म्हणाली. "म्हणून म्हणते इतक्यात नको."

पहिला तडाखा घरातच बसला. अजितची थोरली बहीण कवठ्याला दिलेली होती. सारिका तिला वन्सं म्हणे. त्यांचा फोन आला तेव्हा सारिका भाकऱ्या करत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. वन्सं म्हणाल्या, "सारिका, उद्या येते गं चार दिवस." सारिका "या की वन्सं" म्हणायला तोंड उघडणार, तोच शेजारून तिच्याच आवाजात उत्तर गेलं.

"आता चार दिवस गुडघ्याचं पुराण ऐका."

मग वन्सं कोरड्या आवाजात म्हणाल्या, "असं होय. बरं झालं कळलं."

"अहो वन्सं, मी नव्हे! शरयू!"

"सारिका, पंधरा वर्षं तुझा आवाज ऐकते मी. लेकराच्या अंगावर घालू नकोस. ते देवाचं लेकरू असं बोलेल का?"

अजित मोरीत जाऊन हसून आला. सारिकाला हसू आलं नाही. तिला धक्का बसला होता, पण तो वन्संचा नव्हता. गेली पंधरा वर्षं वन्संचा फोन आला की तिच्या मनात अक्षरशः तेच वाक्य यायचं. ते स्वतःच्या आवाजात, चुलीइतक्या जवळून ऐकताना कुणीतरी आपला खिसा उलटा केल्यासारखं तिला वाटलं.

शाळेत पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी मराठीच्या चौगुले बाई एक कविता शिकवत होत्या. ही कविता शिकवताना त्या दरवर्षी एका ठरावीक ओळीवर हळव्या होत. ती ओळ आली, बाई थांबल्या.

"आता चष्मा काढून पुसणार," शेवटच्या बाकावरून आवाज आला.

बाईंचा हात चष्म्यापर्यंत पोचलाच होता. वर्ग हशानं फुटला. शरयूच्या शेजारी बसणारी तेजल तर बाकाखाली गेली. सारिका ताडकन उभी राहून म्हणाली, "माफ करा बाई, ती म्हणतेय फार सुंदर शिकवता तुम्ही." पण सवयीनं म्हटलेलं ते वाक्य कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. शरयू काय म्हणतेय हे आता सगळ्यांनी आपापल्या कानांनी ऐकलं होतं. चौगुले बाईंनी चष्मा न पुसताच तास संपवला, आणि जाताना शरयूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "असू दे. लेकराला काय कळतंय."

"सगळं कळतं हो," पट्टी म्हणाली, पण तोवर बाई गेल्या होत्या.

मात्र दुसरीही बाजू होती आणि ती सारिकाला दिसत होती. मधल्या सुट्टीत पोरी आता शरयूभोवती कोंडाळं करत. पूर्वी त्या येत, तिचा गालगुच्चा घेत आणि खेळायला पळत. आता बसत. भांडत. तेजलचं आणि तिचं एकदा क्रिकेटवरून असं जुंपलं की दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. सारिका मिटवायला गेली तर दोघी एका सुरात म्हणाल्या, "तुम्ही मध्ये पडू नका." सारिका शेवटच्या बाकावर परत येऊन बसली. डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मग बीजगणिताची घटक चाचणी झाली.

चाचणीत बोलायला बंदी होती. शरयू काही बोललीही नाही, तिची उत्तरं सर नंतर तोंडी घेणार होते. पण उदाहरण सोडवताना मनात आकडेमोड कोण करत नाही? सारिकाला चाचणीपुरतं बाहेर बसवलेलं, फोन तिच्याबरोबर व्हरांड्याच्या टोकाला, आणि आत पट्टी संथपणे सांगत होती, "समजा रुंदी क्ष… मग लांबी दोन क्ष अधिक तीन… तिसऱ्याचं उत्तर बारा…" पर्यवेक्षणाला आलेले पी.टी.चे सर खिडकीबाहेर मैदान आखणाऱ्या मुलांवर ओरडण्यात गुंग होते. वर्गात त्या दिवशी आदर्श शांतता होती. पोरं मान खाली घालून लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी हिंगमिरे सर गठ्ठा घेऊन वर्गात आले. "चाचणी उत्तम," ते म्हणाले. "अख्ख्या वर्गाला एकोणीस. वीस कुणालाच नाहीत. कारण अख्ख्या वर्गाच्या मते पाचव्या गणितातल्या बागेची लांबी उणे सतरा मीटर आहे." त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "मला एकदा ही बाग दाखवा रे कुणीतरी."

"चिन्ह चुकलं वाटतं माझं," शेवटच्या बाकावरून आवाज आला.

संध्याकाळी सरांनी सारिकाला ऑफिसात बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. शरयूला शाळेत घ्यायला दुसऱ्या कुणी काचकूच केली असती, पण यांनी स्वतः खुर्चीला हात लावून तिला वर्गात नेलं होतं. पण त्यांना झेपेल तेवढंच नवं हवं असे.

"ताई, पुढच्या आठवड्यात आपला समावेशन सप्ताह. समारोपाला संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब येणार. आभाराचं भाषण शरयूनं करायचंय. मी लिहून दिलंय. फक्त त्या दिवशी तो उंबरठा की काय तो… जरा वर राहू दे. एकदम वर. नानासाहेबांचं भाषण लांबतं, आणि हिच्या मनात काय काय येईल, मला आत्तापासून घाम फुटलाय."

"पण सर, एकदम वर ठेवला तर तिला बोलता येत नाही."

"चार शब्द आले तरी पुष्कळ. लोक टाळ्या वाजवतातच."

सारिका "बघते" म्हणाली. घरी आल्यावर तिनं शरयूला काही सांगितलं नाही. तिला वाटलं, एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे. वन्संसारखं नानासाहेबांचं झालं तर? दहावी अजून याच शाळेत काढायची होती.

समारोपाच्या दिवशी शाळेला पताका लागल्या होत्या. फाटकावर शरयूचा मोठा फोटो, आणि फोटोमागे कुणीतरी हौसेनं पांढरे पंख चिकटवलेले. स्टेजवर चढायला नवाकोरा रॅम्प बांधला होता. त्याला लाल गालिचा, आणि पायथ्याशी नानासाहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी. सारिकानं सकाळी शरयूची वेणी घातली, पट्टी बसवली, आणि ती आरशात बघत असताना फोन काढून उंबरठा बोटानं वर सरकवला. टोकापर्यंत. शरयू तिथून शाळेपर्यंत काही बोलली नाही. सारिकाला वाटलं, भाषणाची धास्ती असेल.

नानासाहेब कुंभोजकर बोलायला उभे राहिले. 'या दिव्य लेकरांनी आम्हाला जगायला शिकवलं' इथून ते सुरू झाले आणि साखर कारखाना, कोयनेचं धरण, आपलं बालपण असं करत अर्ध्या पाऊण तासानं पुन्हा लेकरांपाशी आले. पट्टीतून चकार शब्द आला नाही. हिंगमिरे सरांनी सारिकाकडे बघून कृतज्ञतेनं मान हलवली.

मग तेजलनं शरयूची खुर्ची रॅम्पवरून वर नेली. माइक पट्टीजवळ धरला गेला.

शरयूचं तोंड उघडलं. मान ताणली गेली, हात खुर्चीवर आपटला. "मी…" पट्टी म्हणाली. बराच वेळ काही नाही. "…आभ…" परत काही नाही. शरयूच्या कपाळावर घाम आला. समोरच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं, जोरात, प्रेमानं, मिनिटभर.

टाळ्या संपल्या. शरयू लोकांकडे बघत नव्हती. ती खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, आईकडे बघत होती. आणि मग ती पट्टीशिवाय बोलली. आपल्या स्वतःच्या आवाजात, त्या लांबलेल्या, वाकड्यातिकड्या स्वरांत.

मैदानात ते एकीलाच कळलं.

"काय म्हणतेय शरयू?" सर माइकवर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर होता. हे त्यांना जमण्यातलं होतं. "खराडे ताई, या वर. सांगा बरं सगळ्यांना."

सारिका रॅम्पवरून वर गेली. माइक हातात आला. 'सगळ्यांचे आभार मानते' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं ते तिथंच मुक्कामाला होतं. तिनं शरयूकडे बघितलं. शरयू तिच्या तोंडाकडे बघत होती, रागानं नव्हे, तर गणित कितपत जमतंय हे बघावं तशी.

"ती म्हणते," सारिका म्हणाली, आणि थांबली. "ती म्हणते… 'आई, तूच माझी पट्टी बंद केलीस ना?'"

समोरच्या रांगेतले पदर खाली आले.

"हो," सारिका म्हणाली. हे लोकांना सांगितलं की मुलीला, तिचं तिलाच कळलं नाही. "मीच केली. बोल आता. जसं बोलशील तसं सांगते. एक अक्षर बदलणार नाही."

शरयूनं दम घेतला. ती बोलू लागली, तुकड्या तुकड्यांनी, आणि सारिका मागून शब्द मांडत गेली.

"ती म्हणते, 'सरांनी भाषण छान लिहिलंय, पण ते सरांचं आहे. माझं वेगळं आहे. हा रॅम्प चांगला झालाय. स्टेजवर मी वर्षातून एकदा येते, त्याला रॅम्प आहे. आणि…'" सारिका अडखळली. तिनं शरयूच्या कानाशी वाकून विचारलं, "अगं, हे इथं म्हणू?" शरयूनं मान हलवली. सारिकानं डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं, "'…आणि मुलींच्या मुतारीला तीन पायऱ्या आहेत. तिथं रोज जायचं असतं.'"

मागच्या रांगांत पोरी खिदळल्या. समोरच्या रांगेत कुणी कुणाकडे बघेना.

"'पहिलीपासून मी सकाळी पाणी न पिता शाळेत येते. तिथं आई मला उचलून नेते, तिची कंबर दुखते. ती कुणाला सांगत नाही. ती म्हणते…'" इथं सारिकानं माइक दोन्ही हातांत धरला, कारण आता ती स्वतःबद्दलच सांगत होती. "'आई म्हणते, लोकांनी इतकं केलं, अजून काय मागायचं. पण मला पंख नकोत. तीन पायऱ्या फोडा.'"

शरयू थांबली, मग आणखी काहीतरी बोलली. सारिकानं तिच्याकडे चमकून बघितलं, पण शब्द दिला होता.

"ती म्हणते, 'नानासाहेबांचं भाषण छान होतं. पहिली पाच मिनिटं.'"

हिंगमिरे सरांनी कपाळाला हात लावला. नानासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर एक वेगळाच भाव आला. घरी त्यांची बायको याच अर्थाचं काहीतरी म्हणत असावी. "कुठं आहे हो ती मुतारी?" त्यांनी खाली वाकून विचारलं.

सरांनी उजवीकडे बोट दाखवलं.

"डावीकडे," सारिका म्हणाली.

आणि मग सावळगावनं न पाहिलेली मिरवणूक निघाली. पुढं गळ्यात हार घातलेले नानासाहेब, मागं संस्थेचे संचालक, सर, चौगुले बाई आतल्या मुलींना बाहेर काढायला पुढं धावताहेत, लेझीमचं पथक काहीतरी कार्यक्रम आहे असं समजून पाठोपाठ, आणि लेझीमवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून ते वाजवतही होते. नानासाहेब त्या तीन पायऱ्यांपुढं उभे राहिले. स्वतःचं धोतर सावरत एक पायरी चढले, गुडघ्यावर हात दाबून दुसरी चढले, आणि तिथूनच म्हणाले, "दिवाळीच्या आत." पुढं तिथं रॅम्प झालाही. तिथंही नावाची पाटी लावावी की न लावावी, यावर संस्थेत बरीच चर्चा झाली म्हणतात.

स्टेजवर तेव्हा मायलेकी दोघीच उरल्या होत्या. सारिकानं फोन काढला. उंबरठा खाली आणला. मग दुसरं पान उघडलं, ज्याच्यावर महिनाभर ती बोट न्यायची आणि परत आणायची. 'ताबा कायमचा द्यायचा आहे का?' फोननं विचारलं. सारिकानं अंगठा ठेवला.

"झालं?" ती म्हणाली.

शरयू काही बोलली नाही. थोडा वेळ गेला. सारिका फोन उलटासुलटा करून बघू लागली.

"झालं," पट्टी म्हणाली. "गप्प बसून बघत होते, जमतंय का."

"चिडलीयस?"

"खूप. दोन दिवस चिडणार आहे. मधे बोलू नकोस." आणि मग थोडं थांबून, "कंबर दुखते का आत्ता?"

"दुखते," सारिका म्हणाली. हेही तिनं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं.

शाळेनं शरयूसाठी एक मदतनीस बाई नेमली आणि सोमवारपासून सारिकानं वर्गात बसायचं नाही असं ठरलं. ठरवलं शरयूनं. सारिका फाटकापाशी तिला सोडून घरी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि घर इतकं रिकामं होतं की घड्याळ ऐकू येत होतं. तिनं दोनदा झाडलं. दुपारी अजितला फोन करून विचारलं, "जेवलात का?" तो म्हणाला, "तूच डबा दिलास, तूच विचारतेस?" संध्याकाळी शरयू घरी आल्यावर सारिकानं आधी पाणी दिलं आणि मग न राहवून विचारलं, "वर्तुळाचं प्रकरण झालं का सुरू?"

"झालं. वही बघ माझी. उगाच रडू नकोस."

"रडत नाहीये. कांदा चिरतेय."

"कांदा कुठाय?"

सारिका कांदा आणायला आत गेली.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका दुपारी सारिका पिठाच्या गिरणीकडे निघाली. गिरणी खालच्या आळीला आणि शाळा वरच्या, पण तिचे पाय वरच्या आळीनं गेले. कुंपणाच्या तारेपलीकडे नववीच्या वर्गाचा व्हरांडा दिसत होता, आणि व्हरांड्यात शरयूची खुर्ची. शेजारी तेजल भिंतीला टेकून उभी. वर्ग आत चालू होता. आणि या दोघी बाहेर.

पट्टी बिघडली? झटका आला? ती फाटकातून जवळजवळ धावतच आत शिरली. तिला बघून चौगुले बाई वर्गातून बाहेर आल्या.

"काय झालं बाई? बरं नाहीये का तिला?"

"चांगली ठणठणीत आहे," चौगुले बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "मी शिकवत होते आणि या दोघींची कुजबुज चाललेली. आणि मग तुमच्या शरयूनं भर वर्गात माझी नक्कल केली. माझ्याच सुरात. म्हणून दोघींना बाहेर काढलंय."

"अहो, पट्टीचं होतं तसं कधी कधी. मनातलं बाहेर…" सारिकाच्या तोंडात जुनी साखर आपोआप आली.

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून विचारलं तिला. म्हटलं, चुकून सुटलं का बाळ? तर म्हणते, 'नाही बाई. जीभ टाळूला लावता येत होती, पण लावली नाही.' आता बोला!"

"म्हणजे मुद्दाम केलं?"

"मुद्दाम!"

"नक्की मुद्दाम?"

"अहो ताई, ठरवून, शुद्धीवर राहून, सूर लावून!"

सारिकानं बाईंच्या खांद्यावरून बघितलं. शरयूनंही आईला बघितलं होतं. तिनं मान जमेल तेवढी दुसरीकडे वळवली आणि शिक्षा झालेल्या पोरी करतात तसा चेहरा केला. तो फार वेळ टिकेना, कारण तेजल तोंडात रुमाल कोंबून हसत होती. आतल्या वर्गातली पोरं खिडकीतून माना लांब करून बाहेर बघत होती.

चौगुले बाईंचा राग तेवढ्यात निवला असावा. खुर्चीकडे बघून त्यांना कसंतरी झालं. "जाऊ दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आलाच आहात, तर घेते आत. ऊनही आहे."

"तेजललाही घेणार?"

"तेजलला कशाला? ती राहील तास संपेपर्यंत."

सारिकानं दळणाचा डबा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला.

"मग हीही राहू दे," ती म्हणाली, आणि गिरणीकडे निघाली.